मोड आणि शिकस्त

यंदाच्या पाडव्याला पंचांग उघडले आणि आमच्या घरच्या मंडळींनी ते लगेच मिटून ठेवले. शके 1948 च्या संवत्सराचे नाव 'पराभव'. साठ संवत्सरांचा फेरा फिरून हे नाव येते. याआधी ते 1966 साली येऊन गेले, तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता. कडुनिंबाचे पान चावता चावता आम्ही म्हणालो, नावाला काय भ्यायचे? आमच्या कामात हा शब्द रोजच्या भाकरीसारखा आहे. त्याच आठवड्यात व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे बोलावणे आले. विषय विचारला तेव्हा आम्ही तोच सांगितला. चिटणीस जरा चपापले. ऐन वसंतात श्रोत्यांपुढे पराभव कसा ठेवायचा, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. तेव्हा आम्ही म्हटले, पराभवावर बोलत नाही, पराभवाच्या शब्दांवर बोलतो. तडजोड करण्याची आम्हांला सवय आहे.

या शब्दांच्या नादी आम्ही कसे लागलो ते आधी सांगितले पाहिजे. 1994 साली सांगलीजवळच्या एका कारखान्यात आमच्या संघटनेचा संप झाला. एकेचाळीस दिवस चालला. बेचाळिसाव्या दिवशी निम्मे लोक मागच्या फाटकातून कामावर गेले, आणि उरलेले निम्मे पुढच्या फाटकाबाहेर मांडवात बसून एकमेकांची तोंडे पाहत राहिले. पुढे काही दिवसांनी मालकांच्या बाजूने कोणीतरी कोणाला तरी लिहिलेले एक इंग्रजी पत्र आमच्या हाती आले. ते कसे आले हे सांगण्याचे कारण नाही. त्यात आमच्या संघटनेविषयी एक क्रियापद होते, 'राउट'. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंत. आम्ही ते अक्षरे जुळवून वाचले आणि आम्हांला वाटले की हे कोणाचे तरी आडनाव आहे. आमच्या समितीत खरोखरच एक राऊत होते. बिचाऱ्यांना दोन दिवस फितुरीचा संशय सोसावा लागला. त्यांची माफी आम्ही मागितली, पण दोन दिवस गेले ते गेलेच.

तिसऱ्या दिवशी आम्ही वाचनालयात जाऊन कोश उघडला. शत्रूला नुसते हरवणे नव्हे, तर त्याची रांग मोडून, त्याला वाट फुटेल तिकडे पळायला लावणे, असा त्या क्रियापदाचा अर्थ निघाला. ते सहसा एकट्या माणसाला लागत नाही. सैन्य असावे, जमाव असावा, पक्ष असावा, अलीकडे क्रिकेटचा संघही असतो. जे एकत्र होते ते आता एकत्र राहिले नाही, हे सांगायला ते आहे. त्याचे मूळ लॅटिनमध्ये सांगतात: 'रुप्ता', म्हणजे मोडलेली, तुटलेली. गंमत अशी की एस.टी.च्या वेळापत्रकात आपण जो 'रूट' म्हणतो, तोही याच मुळाचा. रान फोडून काढलेली वाट म्हणजे रूट. एकाच मुळातून एकीकडे वाट निघाली आणि दुसरीकडे वाताहत निघाली. कोश वाचायला कंटाळवाणा असतो असे म्हणणाऱ्यांनी एकदा अर्धा तास त्याच्यापुढे बसून पाहावे.

मराठीला हा शब्द परका नाही. आपल्या बखरींतून आणि पत्रांतून 'मोड झाला', 'फौज मोडली' असे पानोपानी येते. मोडणे आणि 'रुप्ता' हा एकच विचार, दोन भाषांनी आपापल्या जागी केलेला. बाकी आपल्याकडे या बाबतीत शब्दांची श्रीमंती इतकी आहे, की आपण फार वेळा हरलो की फार वेळा जिंकलो असा प्रश्न पडावा. धूळ चारली, खडे चारले, धुव्वा उडाला, दाणादाण झाली, जेरीस आणले, नामोहरम केले. आणि राऊत? जुन्या मराठीत राऊत म्हणजे घोडेस्वार. ज्याचा मोड करायचा तोच! आमच्या राऊतांना हे आम्ही पुढे सांगितले तेव्हा ते प्रथमच मनापासून हसले.

आता साताऱ्याकडे जाऊ. इंग्रजी भाषेत मराठ्यांचा पहिला मोठा इतिहास ज्याने लिहिला तो जेम्स ग्रँट डफ 1818 ते 1822 या काळात साताऱ्यालाच होता, छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी कंपनीचा माणूस म्हणून. 1826 साली त्याचा ग्रंथ लंडनला तीन भागांत निघाला. पेशवाईचा शेवट नुकताच झाला होता, कागद हाताशी होते, आणि लिहिणारा जिंकलेल्या बाजूचा होता. त्याने कष्ट फार केले. हे कबूल न करणे कृतघ्नपणा होईल. पण मराठ्यांचा इतिहास असा परक्या क्रियापदांतून प्रथम एकत्र बांधला गेला, आणि आपण तो उलटा मराठीत आणून वाचला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी 1867 च्या सुमारास, विद्यार्थिदशेतच, त्या ग्रंथावर टीका लिहिली तेव्हा कुठे आपल्याला कळले की जिंकणाऱ्याच्या वाक्याला फिरून प्रश्न विचारता येतो.

क्रियापदाला विचारायचा प्रश्न साधा आहे: मोड झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय झाले?

प्रतापगडाखाली 10 नोव्हेंबर 1659 रोजी झाले त्याला इंग्रजी क्रियापद अगदी चपखल बसते. खान पडला, पार गावाजवळच्या त्याच्या छावणीवर जावळीच्या रानातून मावळे तुटून पडले, आणि ती मोठी फौज तासादोन तासांत फौज राहिली नाही. तिथे दुसऱ्या दिवसाचा प्रश्न शिवाजी महाराजांनीच सोडवला. ते थांबले नाहीत. त्याच महिन्याच्या अखेरीला पन्हाळा त्यांच्या हाती आला. ज्याचा मोड झाला त्याला पुन्हा जमायला सवडच दिली नाही. मोड पुरा कसा करायचा याचा हा धडा आहे.

उलट पाहा पानिपत. 14 जानेवारी 1761 ला दुपारपर्यंत लढाई तोलून धरलेली होती. विश्वासराव पडले आणि उतरत्या दुपारी जे झाले त्याला मोड हाच शब्द. त्या एका दिवसाने आपल्या भाषेला क्रियापद दिले. अजूनही कोणाचे निवडणुकीत अनामत रक्कम जाण्याइतके वाईट झाले की आपण 'पानिपत झाले' म्हणतो. ती बातमी दक्षिणेत आली ती मात्र सावकारी पत्रातून आली असे सांगतात. त्यात मोती किती गळाले, मोहरा किती गेल्या, आणि रुपयांचा व खुर्द्याचा तर हिशोबच लागत नाही, एवढाच मजकूर होता. पराभवाचा एकही शब्द त्यात नाही. आम्हांला हे पत्र फार जवळचे वाटते. मोठी हार झाली की माणूस तिचे नाव घेत नाही, तिचा हिशोब सांगतो. वि. का. राजवाड्यांनी वाईला मिळालेल्या कागदांतून आपल्या साधनांचा पहिला खंड 1898 साली काढला, त्यात या काळाचीच पत्रे आहेत. ती वाचताना दिसते की दाणागोटा संपला, रसद आली नाही, पैसा पाठवा, हीच भाषा लढाईच्या कितीतरी आधीपासून चालू होती. संप चालवलेल्या माणसाला ती पत्रे वाचून झोप येत नाही.

पण दुसऱ्या दिवसाचा प्रश्न? त्या रानोमाळ पळणाऱ्या माणसांत एक तरुण कारकून होता आणि एक पायाला जखम झालेला शिंद्यांचा मुलगा होता. कारकून म्हणजे नाना फडणीस, ज्यांचा वाडा वाईशेजारी मेणवलीला कृष्णेच्या काठी आपण पाहतो. स्वतःच्या पळण्याची हकीकत नानांनी न लाजता लिहून ठेवली आहे. दुसरा महादजी शिंदे. दहा वर्षांनी, 1771 साली, मराठे पुन्हा दिल्लीत होते, आणि त्यात महादजी होते. पुढची तीसपस्तीस वर्षे मराठी राज्याचा कारभार आणि मराठी तलवार या दोन पळालेल्या माणसांच्या हाती राहिली. 'राउट' म्हणणारा त्यांच्या पाठी पाहून वाक्य संपवतो. पूर्णविराम कुठे द्यायचा हे लिहिणाऱ्याच्या हातात असते.

किल्ल्याचेही तेच. औरंगजेबाने डिसेंबर 1699 मध्ये साताऱ्याला वेढा घातला आणि एप्रिल 1700 मध्ये किल्ला घेतला. त्याला 'आझमतारा' असे नावही दिले. मराठ्यांनी तो परत घेतला, आणि आज आपण ज्याला 'अजिंक्यतारा' म्हणतो तो हाच, एकदा नीट जिंकला गेलेला किल्ला. सातारकरांना यात काही विसंगती वाटत नाही. आम्हांलाही वाटत नाही.

येथे सांगलीकर श्रोते म्हणतील, हे सगळे ठीक, पण खरा पराभव कोणता हे आखाड्यात ठरते. मान्य आहे. आमच्या भागात कुस्तीचे दोनच शेवट: 'निकाली' झाली, की 'बरोबरीत सुटली'. चीत म्हणजे पाठ मातीला लागली पाहिजे, आणि ती हजारो लोकांनी पाहिली पाहिजे. पंचाने सांगितले म्हणून जुना शौकीन पराभव मानत नाही; तो म्हणतो, पाठ दाखवा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले ते गुणांच्या कुस्तीत. तिथे पाठ न लागताही माणूस हरतो. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक, पण चितपट आणि गुण यांतला हा फरक आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत पटला नाही. बुद्धिबळाची 'मात' याहून वेगळी. सांगली हे बुद्धिबळाचे गाव, तेव्हा तुम्हांला सांगायला नको, की मातीत राजा मारला जात नाही. तो जागच्या जागी असतो, त्याला फक्त हलायला घर नसते. संस्थाने खालसा होत ती या जातीची. 1848 साली आप्पासाहेब महाराज वारले, दत्तक नामंजूर झाला आणि साताऱ्याचे राज्य एकही गोळी न सुटता गेले. इंग्रजीत त्याला मुदत संपून हक्क गळून पडणे अशा अर्थाचे क्रियापद आहे, जणू कोणी काही केलेच नाही.

आता त्या 'राउट' शब्दाची आणखी एक बाजू, जी आम्हांला पुष्कळ उशिरा, एका वकिलांच्या कचेरीत बसलो असता समजली. जुन्या इंग्रजी कायद्यात या नावाचा एक गुन्हा होता. तीन किंवा अधिक माणसे बेकायदा हेतूने जमली तर तो बेकायदा जमाव. जमून ती हेतू तडीस नेण्यासाठी चालू लागली की 'राउट'. हेतू प्रत्यक्ष तडीस नेऊ लागली की दंगा. म्हणजे मोडलेल्या जमावालाही तोच शब्द आणि निघालेल्या मोर्च्यालाही तोच! इंग्लंडने हा गुन्हा 1986 च्या कायद्याने पुस्तकातून काढला. आपल्याकडे 1860 च्या दंडसंहितेत ही मधली पायरी आलीच नाही. पाच माणसांचा बेकायदा जमाव आणि मग एकदम दंगा. 2024 पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतही कलमांचे आकडे बदलले, पायऱ्या त्याच राहिल्या. जमून चालू लागलेल्या माणसांना आपल्या कायद्यात स्वतंत्र नाव नाही. आपण त्यांना मोर्चा म्हणतो.

मोर्चा आणि मोड यांची गाठ आपल्या जिल्ह्यांनी 1942 साली पाहिली. तेव्हा सातारा आणि आजचा बराचसा सांगली जिल्हा एकच होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली पडले. 3 सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, तो शांतपणे तिरंगा लावून परतला. 9 सप्टेंबरला वडूजला मात्र गोळीबार झाला. हातात झेंडा घेऊन पुढे असलेले परशुराम घार्गे पडले, आणि त्यांच्यासह नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला तेच. तिथे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातला एक तरुण इंजिनिअर, उमाशंकर पंड्या, मोर्च्यात होता; तो आणि विष्णू बारपटे परत गेले नाहीत. कारखान्यात चांगल्या जागेवर असलेल्या माणसाला त्या मोर्च्यात येण्याचे काय कारण होते, याचा विचार आम्ही त्या रस्त्याने जाताना दर वेळी करतो.

त्या दोन दिवशी जमाव मोडला यात शंका नाही. लोक ओढ्यातून, जोंधळ्याच्या पिकातून पळाले. सरकारी दृष्टीने प्रकरण मिटले. पण पळालेली माणसे घरी गेली नाहीत. नाना पाटलांच्या भोवती ती पुन्हा जमली, या वेळी मोर्च्याने नव्हे, तर चार-चार, पाच-पाचच्या गटांनी. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली गेली. 24 जुलैला वसंतदादा पाटील सोबत्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. दोन सोबती त्यात गेले, दादांना गोळी लागली. गावोगाव न्यायदान मंडळे बसली, कुंडलला तुफान सेनेची कवायत सुरू झाली, सावकाराचे आणि गावगुंडाचे पाणी उतरले. या प्रति सरकारने केलेल्या साऱ्याच शिक्षा आम्हांला पटतात असे नाही. माणसाच्या तळपायावर मारलेली काठी कोणाच्याही राज्यात काठीच असते. पण नाना पाटील 1946 पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत, ही गोष्ट वडूजच्या संध्याकाळी कोणत्या क्रियापदात मावली असती?

आमच्या स्वतःच्या संपाला हा मान आम्ही देत नाही. तो फुटला, मोडला, आणि दुसऱ्या दिवशी विशेष काही झाले नाही. सतरा माणसे कामावर परत घेतली गेली नाहीत. त्यांतल्या तिघांनी पुढे चहाची टपरी काढली, एक मुंबईला गेला, राऊत गावी जाऊन द्राक्षाच्या बागेत मजुरी करू लागले. संघटना पुन्हा उभी राहायला सहा वर्षे लागली, आणि ती दुसऱ्याच कारखान्यात उभी राहिली. म्हणून आम्ही मोडाचे गोडवे गात नाही. पुष्कळ मोड नुसते मोडच असतात.

आणि तरीही एक शब्द आमच्या मनातून जात नाही: 'शिकस्त'. हा फारसी. तिकडे त्याचा अर्थ मोड, पराभव. उर्दूत आजही तोच. आपल्या जुन्या कागदांतही फौजेची शिकस्त होते, आणि पडायला आलेल्या घराला शिकस्त म्हणतात. पण आज कोणत्याही मराठी मुलाला विचारा. तो सांगेल, 'प्रयत्नांची शिकस्त', म्हणजे करता येईल तेवढे सर्व करणे. पराभवाचा शब्द मराठीत येऊन पराकाष्ठेचा शब्द झाला! हे कोणी ठरवून केले नाही. आमची अटकळ अशी की जो मोडेपर्यंत झटतो त्याच्या झटण्यालाच लोकांनी मोडण्याचे नाव दिले असावे. भाषाशास्त्री याला वेगळे कारण दाखवतील तर आम्ही ते आनंदाने ऐकू.

साताऱ्यात या शब्दाला माणसाचा आकार आहे. रंगो बापूजी गुप्ते. प्रतापसिंह महाराजांना 1839 साली पदच्युत करून काशीला पाठवले, त्यांची बाजू मांडायला हे गृहस्थ लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे राहिले. कंपनीच्या भागीदारांच्या सभेत अर्ज, पत्रके, भाषणे. ज्यांच्यासाठी गेले ते महाराज 1847 साली वारले. पुढच्या वर्षी राज्यच खालसा झाले. हे तरीही तिथेच. 1853 साली हात हलवत परत आले. 1857 च्या कटात मुलगा सीताराम पकडला गेला आणि 8 सप्टेंबरला साताऱ्याच्या गेंडामाळावर ज्या सतरा जणांना मारले त्यांत तो होता. रंगो बापूजी निसटले, ते निसटलेच. सरकारला कधी सापडले नाहीत. अर्ज करण्यात चौदा वर्षे घालवणारा माणूस आम्हांला तलवारीवाल्यांहून अधिक ओळखीचा वाटतो. आम्हीही जन्मभर अर्जच केले.

शेवटी घरातली एक गोष्ट. आमचे वडील माण तालुक्यातून मुंबईला गिरणीत गेलेले, साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. वर्ष गेले, दीड वर्ष गेले. सातारा, सांगली, रत्नागिरीकडच्या गाड्यांतून वळकट्या घेऊन माणसे उतरू लागली. वृत्तपत्रांनी संप संपला असे लिहिले, पुस्तकांनी तो चिरडला गेला असे लिहिले. पण तो मागे घेतल्याचे कोणी कधी रीतसर जाहीर केले नाही. वडिलांना हे नेमके ठाऊक होते. गावात कोणी विचारले, आबा, गिरणी सुटली का, तर ते म्हणायचे, "संप चालू आहे." सामंतांचा 1997 साली खून झाला त्या दिवशीही ते एवढेच म्हणाले, आणि बैलांना वैरण घालायला उठून गेले.

पुढे गिरणी कामगारांना घरे मिळण्याची योजना आली. 1 जानेवारी 1982 ला हजेरीपटावर असल्याचा पुरावा लागत होता. आम्ही त्यांची जुनी पत्र्याची ट्रंक उघडली, पास काढला, तिकीट नंबर उतरवून घेतला आणि अर्ज भरायला बसलो. भरता भरता सहज विचारले, "आबा, काम कधी सोडलं म्हणून लिहू?"

ते म्हणाले, "सोडलं कुठं?"